हॉल थोडा थोडा नवा करून घेताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणारे बरेच जण आल्या आल्या सांगतात, "सगळं एकदम जमणार नाही, पण हॉल आता बघवत नाही." त्यात अवघडून जाण्यासारखं काही नाही. थोडं थोडं काम करणाऱ्याला मधल्या काळात खोली वापरून बघता येते. कुठे बसावंसं वाटतं, कुठे अंधार पडतो, कोणतं सामान उगीच जागा अडवतं, हे त्याला कळतं. एकदम सगळं उरकणाऱ्याला ही सवड मिळत नाही.

मात्र कामांचा क्रम चुकता कामा नये. क्रम चुकला की एकच काम दोनदा करावं लागतं आणि दुसऱ्यांदा घातलेले पैसे खोलीत कुठेच दिसत नाहीत. कोणतंही काम काढण्याआधी आम्ही दोन प्रश्न विचारतो. हे पुढे कधी फोडावं लागेल का? आणि एवढं करून थांबलो, तर पुढचे सहा महिने खोली नीट वापरता येईल का? दोन्हींची उत्तरं मनासारखी आली, तरच त्या टप्प्याला हात घालावा.

आधी खोली रिकामी करा

हे काम फुकटातलं आहे, म्हणून आम्ही ते सगळ्यात आधी सांगतो. सोफा सोडून बाकी सगळं चार दिवस दुसऱ्या खोलीत हलवा. मग लागेल तशी एकेक वस्तू परत आणा. ज्या वस्तूची चार दिवसांत आठवण झाली नाही, तिला हॉलमध्ये जागा द्यायची का, याचा विचार करा. आमचा अनुभव असा की खोली जुनी दिसण्याचं निम्मं कारण गर्दी असते.

सामान परत लावताना वर्तमानपत्रं उपयोगी पडतात. नवा सोफा किंवा टेबल घ्यायचं मनात असेल, तर त्या मापाची वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडा आणि जमिनीवर अंथरून दोन दिवस त्याच्या कडेकडेने वावरा. जाण्यायेण्याच्या वाटेला अडीच ते तीन फूट मोकळे हवेत. सोफा आणि समोरचं टेबल यांत सोळा ते अठरा इंच ठेवा, म्हणजे गुडघे आपटत नाहीत आणि हातातला पेला ठेवायला वाकावंही लागत नाही. दुकानातल्या मोठ्या जागेत आटोपशीर वाटलेला सोफा घरात आला की भिंतीसारखा दिसतो. कागदावर ते आधीच कळतं.

ओल आणि वायरिंग रंगाच्या आधी

रंगाचे पोपडे सुटत असतील, भिंतीवर पांढरी भुकटी म्हणजे लोणा आला असेल किंवा कोपऱ्यात काळपट डाग असतील, तर रंगकाम थांबवा. आधी ओल कुठून येते ते शोधायला हवं. एक सोपी चाचणी तुम्हीच करून बघा. प्लॅस्टिकचा फूटभर चौरस तुकडा भिंतीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक ते दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल, तर तो खोलीतल्या हवेचा आहे. तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढणं, एवढ्यानेही फरक पडतो.

भिंतीतून येणाऱ्या ओलीला आतून काही फासून उपयोग होत नाही. बाहेरची तडे गेलेली भिंत, वरची गळकी गच्ची, शेजारच्या बाथरूमची फुटकी नळी, यांपैकी जे काही असेल ते दुरुस्त करायचं, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि त्यानंतरच पुट्टीला हात लावायचा. ओल असलेली भिंत पॅनेलिंगने किंवा वॉलपेपरने झाकून द्या, अशी मागणी कधीकधी होते. ते काम आम्ही घेत नाही. आत बुरशी वाढत राहते, लाकडाला वाळवी लागते आणि कळतं तेव्हा खर्च कितीतरी वाढलेला असतो.

वायरिंगचंही तसंच. एका घरी रंगाचं काम आमच्याकडे होतं. दोन हात मारून झाले, भिंत अगदी गुळगुळीत उतरली होती. दोन महिन्यांनी त्यांनी टीव्ही समोरच्या भिंतीवर न्यायचं ठरवलं. वायरमनने झिरी मारली, आम्ही ती भरून त्याच डब्यातला उरलेला रंग लावला. तरीही दुपारच्या तिरप्या उन्हात तो पट्टा दिसायचा. जुना रंग तेवढ्या काळात किंचित बदललेला असतो आणि भरलेल्या जागेचा पोतही वेगळा असतो. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत पुन्हा रंगवावी लागली. टीव्ही पुढे कुठे जाऊ शकतो, हे आम्ही रंगाआधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून रंगाची बोलणी करताना आम्ही आधी प्लग पॉइंट मोजतो.

तुम्हीही मोजा. टीव्ही, पंखा, वाचायचा दिवा, मोबाइल चार्जर, इंटरनेटचा डबा, एसी असेल तर त्याची वेगळी लाइन. आज एसी घेणार नसलात तरी त्याची नळी आणि वायर जाईल एवढी सोय आत्ताच करून ठेवा. वायरमन आलेलाच असताना अर्थिंग आणि जुन्या वायरी तपासून घ्या. हा टप्पा बाहेरून दिसत नाही, म्हणून लोकांना त्यावर पैसे घालवणं जिवावर येतं. पण थोड्या पैशांत थोडं थोडं काम करायचं असेल, तर पहिला हप्ता इथेच जायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

रंग

कमी खर्चात सगळ्यात मोठा बदल रंगाने होतो. आणि चांगला रंग म्हणजे त्याखालची मेहनत. भिंत घासणं, भेगा भरणं, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, यातच बहुतेक दिवस जातात. शेवटचे दोन हात त्या मानाने पटकन होतात. पैसे वाचवायचे असतील तर रंग एक पायरी खालचा घ्या, पण खालची तयारी कमी करू नका. साध्या रंगाखाली नीट केलेली भिंत महागड्या रंगाखालच्या खडबडीत भिंतीपेक्षा नक्कीच चांगली दिसते.

घर जुनं असेल तर एक काळजी घ्यायलाच हवी. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः दारं-खिडक्यांवरच्या रंगात, शिसं असू शकतं. ते कोरडं घासलं की धूळ हवेत मिसळते आणि लहान मुलांना, गरोदर बाईला ती फार अपायकारक असते. असा रंग ओला करून घासायचा, मुलांना त्या काळात दुसरीकडे ठेवायचं आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यायची.

गिलावा नव्याने केला असेल तर तो पुरता मुरून वाळायला सुमारे २८ दिवस लागतात. घाई केली तर रंग आतला ओलावा कोंडतो आणि काही महिन्यांत फुगे येतात. टप्प्याटप्प्याने करणाऱ्यांना घाई नसते, ही जमेची बाजू समजा. दोन हातांमध्ये किती तास ठेवायचे ते डब्यावर लिहिलेलं असतं. साध्या इमल्शनला, म्हणजे पाण्यात मिसळायच्या भिंतीच्या रंगाला, बहुधा चार ते सहा तास पुरतात, दमट हवेत जास्त.

रंग किती लागेल याचा अंदाज घरीच काढता येतो. समजा खोली १२ बाय १५ फूट आणि उंची १० फूट आहे. चारही भिंतींची लांबी मिळून ५४ फूट, त्याला १० ने गुणलं की ५४० चौरस फूट. त्यातून दार-खिडकीचे सुमारे ४० वजा केले की ५०० उरतात. गुळगुळीत भिंतीवर दोन हात मारायला एक लिटर इमल्शन साधारण ५० ते ६० चौरस फुटांना पुरतं, म्हणजे नऊ-दहा लिटर लागेल. छताचे १८० चौरस फूट वेगळे धरा. सगळा रंग एकदम घ्या आणि डब्यांवरचा बॅच नंबर एकच असल्याची खात्री करा. नंतर मागवलेल्या डब्याची छटा किंचित वेगळी निघू शकते.

छटा कार्डावरून ठरवू नका. दोन फुटी पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारून तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावल्यावर बघा. सकाळी मलईसारखी वाटलेली छटा रात्री पिवळीजर्द दिसू शकते. चारही भिंती रंगवण्याइतके पैसे नसतील, तर दारातून आत येताना समोर दिसणारी भिंत आधी करा. कोपऱ्यावर रंग बदलतो तिथे रेघ सरळ काढली की अर्धवटपणा जाणवत नाही. छत मात्र त्याआधी करून टाका, कारण छताचे शिंतोडे नव्या भिंतीवर उडतात.

खोली लहान किंवा अंधारी असेल तर फिकी छटा आणि पांढरं छत घ्या. डागांची भीती असेल तर धुता येणारा रंग निवडा. एकदम चकचकीत घेऊ नका, भिंतीतला प्रत्येक खळगा त्यात उठून दिसतो.

दिवे

खोलीच्या मधोमध एकच झगझगीत पांढरी ट्यूब असेल, तर नवा रंगही फिका पडतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसायच्या खोलीला आम्ही ३००० सुचवतो. किती उजेड पडेल ते वॅटवरून न बघता लुमेनवरून बघा. ८०० लुमेन म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा प्रकाश, आणि तो एलईडीत साधारण ९ वॅटमध्ये मिळतो. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त असेल तर कापडाचे आणि रंगाचे रंग खरे दिसतात. एका मोठ्या दिव्याऐवजी कोपऱ्यात एक, सोफ्याशेजारी एक, असे दोन-तीन लहान दिवे वेगवेगळ्या बटणांवर घ्या. भिंत न फोडता, नुसत्या प्लगवर चालणारे दिवेही पुष्कळ मिळतात.

सोफा टाकण्याआधी

आमच्याकडे कापड बदलण्याचं काम होतं, म्हणून आम्ही हे सांगतो असं वाटू नये. काही सोफे खरंच टाकण्याजोगे असतात आणि तसं आम्ही स्पष्ट सांगतो. तुम्हीच तपासा. सोफ्याच्या पुढच्या एका टोकाला धरून पाय सहा इंच उचला. दुसऱ्या टोकाचा पुढचा पायही उचलला गेला, तर सांगाडा पक्का आहे. तो जमिनीला चिकटून राहिला आणि सोफा पिळल्यासारखा वाटला, तर सांगाडा सैल झालाय. मग बैठकीवर हात दाबून आतल्या पट्ट्या किंवा स्प्रिंग जाणवतात का पाहा. खालचं कापड थोडं उसवून लाकडाला वाळवीची माती लागली आहे का, तेही बघा. सांगाडा चांगला असेल तर फोम आणि कापड बदलून तो सोफा कितीतरी वर्षं चालेल. बैठकीच्या फोमची घनता (घनमीटरला किती किलो) ३२ च्या खाली नको, रोज बराच वेळ बसणार असाल तर ४० घ्या. पाठीला हलका फोम चालतो. हातून पैसे सुटायचेच असतील, तर ज्यावर रोज अंग टेकतं त्यावर सुटू द्यात.

पडदे, जमीन, बाकीचं

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीवर चार ते सहा इंच उंच आणि दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच बाहेर लावा. खिडकी मोठी वाटते आणि पडदा सरकवला की काच पूर्ण मोकळी होते. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या. सुती असेल तर शिवण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यातच पडदा वर जातो.

फरशी बदलणं हे सगळ्यात खर्चाचं आणि धुळीचं काम. सहसा ते टाळता येतं. फरशी एकदा नीट घासून पॉलिश करून घ्या, सांधे नव्याने भरा, आणि बसायच्या जागी सोफ्याचे निदान पुढचे पाय टेकतील एवढा गालिचा अंथरा. त्याहून लहान गालिचा खोलीत हरवल्यासारखा दिसतो. फरशी बदलायचीच असेल, तर ते रंगाच्या आधी करा.

भिंतीवरची चित्रं बहुतेक घरांत फार उंच टांगलेली असतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या जरा खाली येऊ द्या.

आमच्याशी बोलताना

पहिल्या भेटीतच एकूण किती खर्च करायचा आहे आणि आत्ता किती, हे दोन्ही आकडे सांगा. त्याप्रमाणे आम्ही टप्पे पाडून देतो. मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून मागा, आमच्याकडून आणि इतर कुणाकडूनही. ठरलेल्या रकमेपैकी दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवा, कारण जुनी पुट्टी खरवडल्यावर खाली काय निघेल ते आधी कळत नाही. ओल किंवा कुजलेली वायर सापडली, तर आम्ही काम थांबवून तुम्हाला दाखवू आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही.

काम संपल्यावर उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून आम्ही तुमच्याकडे देतो. बरणीवर छटेचा नंबर, बॅच नंबर आणि तारीख लिहिलेली असते. झिरी बुजवण्यापूर्वी वायरी कुठून गेल्या त्याचे फोटोही देतो. ते दोन्ही जपून ठेवा. पुढच्या टप्प्याला आमच्याऐवजी दुसरा कुणी आला, तरी भिंतीत खिळा कुठे मारायचा नाही ते त्याला कळेल.