मोबाईल लोकेशन किती खरे? 50 मीटरच्या अटीची पार्श्वभूमी

संशयिताचे मोबाईल लोकेशन बेतीला सापडले, अशा धर्तीच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. त्यावरून तो माणूस बेतीतच होता, असे मात्र ठरत नाही. मांडवीच्या मोकळ्या पात्रावरून सिग्नल आरामात पलीकडे जातो. पणजीच्या फेरी धक्क्यावर उभ्या असलेल्याचा फोन बेतीच्या बाजूचा टॉवर पकडू शकतो, आणि नोंद त्या टॉवरची होते. तरीही 2011 मध्ये केंद्राने मोबाईल कंपन्यांकडे 50 मीटरपर्यंतची अचूकता मागितली; त्या अटीची ही पार्श्वभूमी.

टॉवर उभारले ते कॉल जोडण्यासाठी. जीएसएममध्ये, म्हणजे 2जीच्या तंत्रात, फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत यायला किती वेळ लागतो हे मोजले जाई, तेही दोन फोनांचे सिग्नल एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. या मोजणीची एक पायरी सुमारे 550 मीटरची. टॉवरवर सहसा तीन दिशांना अँटेना असतात, प्रत्येकाच्या वाट्याला 120 अंश. आता सत्तरी तालुक्यातला एखादा फोन 5 किलोमीटरवरच्या टॉवरला लागला आहे असे धरा. हाती येतो तो 550 मीटर रुंद आणि 10 किलोमीटरहून लांब असा वाकडा पट्टा, म्हणजे जवळपास 6 चौरस किलोमीटर. त्यात दोन-तीन वाडे, काजूची बागायत आणि रान सगळे मावते. 4जीमध्ये ही पायरी सुमारे 78 मीटरवर आली. पट्टा अरुंद झाला, लांबी तेवढीच राहिली.

अचूकतेचे आकडे कायद्यात आले ते अमेरिकेत. तिथल्या नियामकाने 1996 मध्ये आपत्कालीन कॉलचे ठिकाण कळवणे बंधनकारक केले आणि पुढे निकष ठरले. नेटवर्कने शोधायचे तर 67 टक्के कॉल 100 मीटरच्या आत आणि 95 टक्के 300 मीटरच्या आत. फोननेच शोधायचे तर हेच आकडे 50 आणि 150 मीटर. मे 2000 मध्ये नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकल्यावर दुसरा मार्ग साहजिकच पुढे गेला.

आपल्याकडे खरा वाद आहे तो मे 2011 च्या निर्णयाचा. केंद्राने मोबाईल परवान्यांच्या अटी बदलल्या आणि टप्प्याटप्प्याने 50 मीटरपर्यंतची अचूकता मागितली. ग्राहकाचे अक्षांश-रेखांश कॉलच्या नोंदीत घालायचे होते, सुरुवातीला ठराविक क्रमांकांसाठी आणि तीन वर्षांत सगळ्यांसाठी. अमेरिकेतला नियम मदत मागणाऱ्यासाठी होता. इथे पहिला विचार तपास यंत्रणांचा झाला, आणि माझ्या मते पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मदतीसाठीची यंत्रणा फक्त कॉल लागतो तेव्हा चालते, नोंदवहीसाठीची सगळ्यांवर कायम. निकषही महानगर, लहान शहरे-गावे आणि दुर्गम भाग असे वेगवेगळे ठेवले, सर्वांत कडक महानगरांना. तीन टॉवरांवरून मोजमाप करायचे तर फोनला तिन्ही टॉवर ऐकू यावे लागतात. म्हापसा-मडगावात ते जमते. नेत्रावळीच्या रानात किंवा चोर्ला घाटात एका टॉवरची रेंज मिळाली तरी पुष्कळ. पावसाळ्यात धबधब्यांवर माणसे हरवतात ती नेमकी अशाच ठिकाणी. शिवाय मोबाईल परवाने ज्या विभागांनुसार, म्हणजे परिमंडळांनुसार दिले जातात, त्यात गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. परिमंडळाचे टक्के एकत्र मोजले, तर पुण्या-नाशिकच्या बेरजेत नेत्रावळीचा सांगे तालुका कुठे दिसणार?

दरम्यान वायफायने टॉवरला मागे टाकले. प्रत्येक राऊटर आपली ओळख सतत प्रसारित करत असतो. फोन त्याला जोडला नसला तरी ती ऐकतो आणि कोणता राऊटर कुठे आहे याच्या साठवलेल्या यादीत पाहतो. या याद्या आधी गाड्या फिरवून केल्या, नंतर लोकांच्या फोनांनीच त्या भरल्या. दाट वस्तीत 20 ते 40 मीटरपर्यंत ठिकाण कळू लागले. 2010 मध्ये रस्त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या गाड्यांनी लोकांच्या वायफायवरचा मजकूरही टिपल्याचे उघड झाले, तेव्हा अनेक देशांत चौकशा लागल्या.

वायफायची पद्धत राऊटर जागेवर राहील असे गृहीत धरते. आपल्या किनाऱ्यावर ते खरे नाही. मेअखेर कळंगुट-बागाचे शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी खानावळी, मोडले जातात, सामानासोबत राऊटरही मालकाच्या घरी जातो. तिथे तो चालू केला आणि यादी अजून सुधारली नसेल, तर आसपास दुसरे राऊटर नसलेल्या वाड्यावरचा फोन समुद्रकिनारी दिसू शकतो. कॅसिनोच्या जहाजांवरच्या आणि पर्यटक बसमधल्या राऊटरांचे तर ठिकाणच ठरलेले नसते.

2016 मध्ये केंद्राने नियम काढला: 1 जानेवारी 2017 पासून नव्या फोनवर आपत्कालीन बटण, 1 जानेवारी 2018 पासून जीपीएस. म्हणजे टॉवरकडून मागितलेली अचूकता आता ग्राहकाने विकत घेतलेल्या फोनकडून घ्यायची ठरली. युरोपात आपत्कालीन क्रमांक लावताच फोन स्वतः जीपीएस आणि वायफाय सुरू करून ठिकाण पाठवतो, आणि मार्च 2022 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनांना ही सोय सक्तीची आहे. आपल्याकडे डिसेंबर 2025 मध्ये वेगळीच बातमी आली. उपग्रहाधारित लोकेशन फोनमध्ये कायम चालू ठेवावे, बंद करायची मुभा नसावी, असा प्रस्ताव दूरसंचार कंपन्यांच्या बाजूने केंद्रापुढे गेला होता आणि फोन बनवणाऱ्यांनी त्याला विरोध केला होता. 112 हा आपत्कालीन क्रमांक लावल्यावर पाठवायचे ठिकाण आणि चोवीस तासांची नोंद या दोन गोष्टी 2011 मध्ये वेगळ्या करायला हव्या होत्या. नव्या प्रस्तावातही त्या एकत्रच आहेत.