मन सावरलं, डोकं अजून मागंच

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीवाली सांगते, "मेथी 20, पोकळा 15, कोथिंबीर 10." साधी बेरीज; तरी नैराश्यातून नुकता उठलेला माणूस 50 ची नोट हातात धरून तिथंच अडतो. झोप लागते, भूक लागते, रडूही थांबलंय. मग हे काय?

उदासी ओसरली तरी लक्ष, विचारांचा वेग आणि दोन कामं एकत्र सांभाळण्याची ताकद बऱ्याच जणांत मागाहून परतते. तपासणीत एका कागदावर 25 वर्तुळं असतात, त्यांत विखुरलेले आकडे आणि अक्षरं. 1 वरून अ, मग 2, मग आ, अशी रेघ ओढत जायचं. नुसते आकडे जोडताना फारसं अडत नाही. आलटून-पालटून जोडताना हात थांबतो.

"विसरलो" म्हणतात तेव्हा पुष्कळदा गोष्ट मुळात डोक्यात नोंदलेलीच नसते. किंवा नोंदलेली असते, पण वर येत नाही. "काल फोन कुणाचा?" काही आठवत नाही. "गडहिंग्लजहून..." म्हटलं की "हां, आत्याचा!" अल्झायमरमध्ये असा धागा देऊनही सहसा फारसं हाती लागत नाही. अर्थात ही घरगुती परीक्षा नव्हे. विसरणं महिन्यागणिक वाढत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर दाखवायलाच हवं.

सगळा दोष आजारावर टाकू नये. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरच्या जुन्या पिढीतल्या गोळ्यांनी डोकं जड होतं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या घबराट-झोपेच्या गोळ्या नव्या आठवणी नीट बसू देत नाहीत. पण त्या रोज घेत असाल तर एकदम बंद केल्यानं झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच कमी करायच्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्यावं. शाकाहारी घरांत बी-12 हमखास राहून जातं. रात्री मोठ्यानं घोरत असाल तर तेही सांगा.

कामावर? शिरोलीच्या कारखान्यात दोन मशीन सांभाळणाऱ्यानं काही आठवडे एकच मागून घ्यावं, कारण चुका होतात त्या एकावरून दुसऱ्यावर जाताना. साहेबांनी सांगितलेलं त्यांच्यासमोरच परत म्हणून दाखवावं, लगेच लिहावं. वही एकच, जागा एकच. चार चिठ्ठ्या केल्या की चिठ्ठ्याच शोधत बसावं लागतं. रंकाळ्यावर आठवड्यातले 5 दिवस अर्धा तास भरभर चालावं. मोबाइलवरच्या 'ब्रेन गेम'वर मात्र फार भिस्त नको. त्यानं माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो, मंडईतल्या हिशोबात नाही.