फोनला जागा चुकते, तरी लॅप टाइम बरोबर कसा येतो?

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवशी, सेशन संपवून पॅडॉकमधे (ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत) आलं की हेल्मेट काढायच्या आधी हात फोनकडे जातो, लॅप, म्हणजे ट्रॅकच्या एका राउंडचा टाइम, किती आला ते बघायला. आणि बाजूला उभा असलेला कोणीतरी हमखास म्हणतो, अरे फोनच्या जीपीएसवर काय विश्वास ठेवतोस, मॅप लावला तर तो तुला शेजारच्या रस्त्यावर दाखवतो, तो काय सेकंदाचा दहावा भाग मोजणार. शंका अगदी रास्त आहे. मोकळ्या आकाशाखाली सुद्धा साध्या फोनची जागा साधारण ५ मीटर चुकू शकते आणि बहुतेक फोन ती जागा सेकंदातून एकदाच सांगतात. १८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ५० मीटर जाते, म्हणजे फोनला गाडी दर ५० मीटरला एकदा दिसते आणि ती पण ५ मीटर इकडेतिकडे. तरी रेसमधल्या अधिकृत, ट्रान्सपॉन्डरच्या टायमिंगशी ताडून बघितलं तर फरक बऱ्याचदा सेकंदाच्या काही शतांशांचाच निघतो. हे कसं जमतं ते मला खूप दिवस कळत नव्हतं, आणि कळल्यावर इतकं आवडलं की ते नीट लिहून काढावंसं वाटलं.

आधी खऱ्या रेसमधे काय करतात ते बघू. ट्रॅकच्या पोटात आडवी एक वायरची लूप पुरलेली असते, गाडीला छोटा ट्रान्सपॉन्डर लावलेला असतो, तो लूपवरून गेला की त्याच क्षणाची वेळ नोंदली जाते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. १९९७ मधे हेरेझला फॉर्म्युला वनच्या क्वालिफाइंगमधे विलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन तिघांचाही टाइम १:२१.०७२ आला होता, तिघांचा सेम! तर ते मोजमाप त्या लेव्हलचं आहे. फोनकडे लूप नाही, ट्रान्सपॉन्डर नाही. त्याच्याकडे फक्त ठिपके आहेत, अमुक वाजता तू अमुक जागी होतास असे.

आता फोनमधलं लॅप टायमर ॲप काय करतं बघा. फिनिश लाइन म्हणजे त्याच्यासाठी नकाशावर ट्रॅकला आडवी मारलेली एक रेघ. समजा ३१व्या सेकंदाच्या ठिपक्याला गाडी रेघेच्या १८ मीटर अलीकडे होती आणि ३२व्या सेकंदाला ३० मीटर पलीकडे. मधलं अंतर झालं ४८ मीटर, त्यातले १८ मीटर रेघेच्या अलीकडचे, १८ भागिले ४८ म्हणजे ०.३७५. तर गाडीने रेघ ओलांडली ३१.३७५ ला. बस, एवढंच. पुढच्या राउंडला परत हेच, आणि दोन वेळांची वजाबाकी म्हणजे लॅप टाइम.

यात एक गोष्ट गृहीत धरलीये, की त्या एका सेकंदात स्पीड सारखाच होता. तो नसतो, फुल थ्रॉटल असेल तर वाढत असतो. पण ही चूक किती मोठी असू शकते ते काढता येतं, जास्तीत जास्त प्रवेग गुणिले दोन ठिपक्यांमधल्या वेळेचा वर्ग भागिले ८. दमदार गाडी सरळ रस्त्यावर दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदने वेग वाढवत असेल तर चूक येते अर्धा मीटर. ५० मीटर प्रति सेकंद स्पीडला अर्धा मीटर म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. सेकंदाला एकच ठिपका म्हणून लोक नाक मुरडतात ना, त्याचं नुकसान एवढंच आहे.

मग राहिली ती ५ मीटरची चूक, आणि खरी गंमत इथे आहे. सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वर असतात, तिथून सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो आणि एका नॅनोसेकंदाची गडबड झाली तरी ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. गडबड कुठे होते तर वातावरणाच्या वरच्या थरात, आयनोस्फिअरमधे, तिथे सिग्नल किंचित रेंगाळतो, शिवाय सॅटेलाइट नक्की कुठे आहे याच्या अंदाजात थोडी चूक असते. पण ही कारणं सावकाश बदलणारी आहेत. दोन मिनिटांत आयनोस्फिअर काही उलटापालटा होत नाही. म्हणजे पहिल्या राउंडला फोनने गाडी ४ मीटर पुढे दाखवली असेल तर पुढच्या राउंडला पण ती साधारण ४ मीटरच पुढे दाखवणार, रेघ दोन्ही वेळा तेवढीच लवकर ओलांडली असं त्याला वाटणार, आणि वजाबाकीत ते ४ मीटर उडून जाणार. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं तरी भात शिजायला किती वेळ लागला ते त्याच्यावर बरोबरच कळतं, तसंच हे. तुम्ही नक्की कुठे आहात ते फोनला माहीत नसतं, पण तुम्ही परत त्याच जागी आलात हे त्याला बरंच चांगलं कळतं, आणि लॅप टाइमला नेमकं तेवढंच लागतं.

(२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून पाठवायची. ती चूक मोठी तर होतीच, पण काही मिनिटांतच भटकायची, त्यामुळे वजाबाकीत उडायची नाही. २ मे २००० ला ते बंद झालं नसतं तर फोनवर लॅप टायमर हा विषयच निघाला नसता.)

न उडणारी चूक पण असते. सिग्नल एखाद्या भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून उशिरा पोचला की फोन फसतो, आणि ही चूक गाडी काही मीटर सरकली तरी बदलते. आता विचार करा, ट्रॅकवर मोठी बिल्डिंग, स्टँड, पत्र्याचं छप्पर सगळ्यात जास्त कुठे असतं? खऱ्या फिनिश लाइनपाशीच. म्हणून माझं मत असं आहे की ॲपमधली रेघ तिथे ठेवूच नये, सरळ रस्त्यावरच थोडी पुढे किंवा मागे, जिथे आकाश मोकळं आहे तिथे सरकवावी. आणि ती फास्ट जागीच हवी. समजा दोन राउंडमधे मिळून १ मीटरची चूक उरली, तर ५० मीटर प्रति सेकंदला ती ०.०२ सेकंद होते, पण हेअरपिनमधे, म्हणजे यू-टर्नसारख्या वळणावर, १५ मीटर प्रति सेकंदला तीच ०.०७ च्या आसपास जाते. मीटर तेवढाच, वेळ तिप्पट. फक्त एवढं लक्षात ठेवा की रेघ हलवली की तुमचा लॅप वेगळ्या जागी सुरू होतो, त्यात एका अधिकृत लॅपचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात मिसळते, त्यामुळे बेस्ट लॅप अधिकृत शीटशी तंतोतंत जुळला नाही तर घाबरून जाऊ नका.

रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमर सारखी ॲप वापरणारे बरेच जण पुढे जाऊन बाहेरचा ब्लूटूथ रिसीव्हर घेतात, १० हर्ट्झचा किंवा २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १० किंवा २५ ठिपके देणारा. घ्यावा का? नुसता लॅप टाइम हवा असेल तर मला तरी घाई वाटत नाही. १० हर्ट्झला ती मधल्या अंदाजाची चूक अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास येते, पुढे २५ करून त्या बाबतीत काही मिळत नाही, कारण आता अडतंय ते सिग्नलच्या अचूकतेशी. पण कॉर्नरमधे काय झालं ते बघायचं असेल तर मात्र फरक आभाळाएवढा आहे. ३-४ सेकंदांच्या हेअरपिनमधे साध्या फोनला ३-४ ठिपके मिळतात, त्यातून ब्रेक कुठे मारला ते कसं कळणार?

स्पीडबद्दल एक गैरसमज आहे की जीपीएस दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजून स्पीड काढतं. चांगला रिसीव्हर तसं करत नाही. ट्रेन जवळ येताना शिटीचा सूर चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो, तोच डॉपलर इफेक्ट तो सॅटेलाइटच्या सिग्नलवर मोजतो, आणि त्यातून निघणारा स्पीड जागेपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. म्हणून जागा ३ मीटर चुकलेली असली तरी ग्राफवरचा स्पीड मी डोळे झाकून धरतो.

बाकी तयारीचं थोडक्यात. ट्रॅकवर नेटवर्क नसेल तर फोनला सॅटेलाइटची माहिती आकाशातूनच उतरवून घ्यावी लागते आणि ती ५० बिट प्रति सेकंद इतक्या संथ स्पीडने येते, म्हणून सेशनच्या ५-१० मिनिटं आधीच ॲप चालू करून फोन उघड्यावर ठेवा. फोन घट्ट बसवा, उन्हात तापून स्क्रीन मंद होते म्हणून चार्जिंग शक्यतो टाळा. बाइकवाल्यांनी आणखी एक बघावं, मोठ्या इंजिनच्या व्हायब्रेशनने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन खराब होऊ शकतं असं ॲपलने २०२१ मधे स्वतःच सांगितलंय, तर हँडलवर नको, टेल बॅगेत वरच्या बाजूला ठेवा. आणि आयोजकांना आधी विचारा, कारण ट्रॅक डे म्हणजे रेस नाही आणि इन्शुरन्समुळे बऱ्याच ठिकाणी टायमिंगला सरळ मनाई असते. परवानगी असली तरी चालवताना स्क्रीनकडे बघू नका, एक सेकंद नजर खाली म्हणजे ५० मीटर आंधळेपणाने.

बघायचं ते नंतर, सावलीत बसून, आणि तेव्हा लॅप टाइमपेक्षा डेल्टा बघा. ॲप तुमचा बेस्ट लॅप ठिपक्यांच्या रूपात साठवून ठेवतं आणि नव्या लॅपमधे त्याच जागेवर तुम्ही किती आधी किंवा किती उशिरा पोचलात ते सांगतं. माझ्या दोन लॅपची गोष्ट सांगतो. एका मोठ्या ब्रेकिंगला मी दुसऱ्या लॅपमधे ८-९ मीटर उशिरा ब्रेक मारला, कॉर्नरच्या मध्यापर्यंत डेल्टा उणे ०.२, म्हणजे दोन दशांश आधी, दाखवत होता, मनात म्हटलं जमलं. पण गाडी बाहेर ढकलली गेली, थ्रॉटल उशिरा उघडला, पहिल्यांदा मी ८६ ने बाहेर पडलो होतो तो या वेळी ८० ने. पुढच्या सरळ रस्त्यावर डेल्टाच्या ग्राफची रेघ हळूहळू वर चढत गेली, आठ सेकंदांनी सरळ रस्ता संपला तेव्हा अधिक ०.१. कमावलेले दोन दशांश गेले आणि वर एक गेला, आणि गाडीत बसून मला तो लॅप जास्त फास्ट वाटला होता.