खळे पडले, पण पाऊस येईल का?

स्वच्छ ऊन पडलेले असतानाही डोक्यावर कितीतरी उंच बर्फ पडत असतो, आणि आपण तो खालून पाहत असतो. निळ्या आकाशातले ते पांढरे, रेशमी धागे म्हणजे सिरस ढग, मराठीत तंतुमेघ. १८०२ साली ल्यूक हॉवर्ड यांनी ढगांचे वर्गीकरण मांडले, तेव्हा ‘केसांची बट’ या अर्थाचा लॅटिन शब्द त्यांनी या ढगांना दिला.

धाग्याच्या टोकाला पुष्कळदा आकड्यासारखा बाक असतो. तो जरा निरखून पाहावा. त्या टोकाशी बर्फाचे स्फटिक तयार होतात, वाढतात आणि खाली उतरू लागतात. खालच्या थरातला वारा सहसा मंद असतो, त्यामुळे उतरलेले स्फटिक मागे पडत जातात आणि शेपटी तयार होते. पुढे कोरडी हवा लागली की बर्फाची थेट वाफ होते. जमिनीपर्यंत काहीच पोचत नाही.

हे ढग उष्ण कटिबंधात ६ ते १८ किलोमीटर उंचीवर असतात, समशीतोष्ण भागात थोडे खाली. साधारण उणे ३८ अंश सेल्सिअसखाली पाण्याचा थेंब, गोठायला धुळीचा कण मिळाला नाही तरी, द्रवरूपात राहू शकत नाही. म्हणून तिथे सगळा कारभार बर्फाचा.

मग त्यांचा पावसाशी संबंध कसा? समशीतोष्ण प्रदेशात उबदार हवा पुढच्या थंड, जड हवेवर चढत जाते. हा चढ फार सौम्य असतो: एक किलोमीटर उंची गाठायला शंभर-दोनशे किलोमीटरची वाटचाल. त्यामुळे उबदार हवेचे वरचे टोक जमिनीवरच्या आघाडीच्या, म्हणजे या दोन हवांमधल्या सीमेच्या, कित्येक शे किलोमीटर पुढे असते, आणि सिरस दिसल्यावर पावसाला बऱ्याचदा एखादा दिवस लागतो.

पण नुसते चार धागे दिसले म्हणून पाऊस येत नाही. विखुरलेले आणि तसेच राहणारे सिरस बहुधा चांगल्याच हवेत असतात. पाहायचा असतो तो बदल. धागे दाट होऊन आकाशभर पातळ पडदा पसरला, की सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. षट्कोनी स्फटिकांतून जाताना प्रकाश वळतो आणि सुमारे २२ अंश त्रिज्येचे कडे दिसते. हात लांब करून बोटे फाकवली, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढेच अंतर भरते. चंद्राला अगदी चिकटून दिसणारे लहान रंगीत वलय वेगळे. ते बहुधा पाण्याच्या थेंबांमुळे पडते. मळणीच्या गोल जागेलाही आपण खळेच म्हणतो, आणि ते मोठे कडे पाहिले की हा शब्द किती नेमका आहे ते कळते.

खळ्यानंतर सावलीकडे लक्ष ठेवावे. या पडद्यातून सावली पडते. ढग दाटून खाली उतरले की सूर्य दुधी काचेमागे असल्यासारखा दिसतो, खळे जाते, सावलीही पुसली जाते. पाऊस जवळ आल्याची ही खूण मला खळ्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

उष्ण कटिबंधात मात्र हा क्रम क्वचितच दिसतो. तिथले बरेच सिरस गडगडाटी ढगांच्या माथ्यावरून वाऱ्याने पसरलेले असतात. वादळ दूर कुठेतरी होऊनही गेलेले असेल. चक्रीवादळाच्या माथ्यावरूनही असेच धागे बाहेर पसरतात. क्यूबातल्या हवानामधील बेलेन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख, जेझुइट धर्मगुरू बेनितो विन्येस यांनी हे धागे क्षितिजावर कुठे एकत्र येताना दिसतात याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्यावरून वादळाचे केंद्र कोणत्या दिशेला आहे याचा अंदाज येई. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी वादळाचा इशारा प्रसिद्ध केला. उपग्रह नव्हते, विमानेही नव्हती. हे सगळे जमिनीवर उभे राहून, वायुदाबमापक आणि डोळ्यांच्या बळावर.

आज विमानेही आपल्याला एक खूण देतात. विमानामागची पांढरी रेघ लगेच विरली, तर वरची हवा कोरडी आहे. ती रेंगाळली, रुंदावली आणि सिरससारखी पसरली, तर तिथली हवा दमट आहे. अशा रेघांसोबत पश्चिमेकडून नैसर्गिक धागेही दाटत येत असतील, तर समशीतोष्ण प्रदेशात राहणाऱ्याने संध्याकाळी पुन्हा एकदा आकाशाकडे पाहावे.