बेसिनमधला भोवरा आणि पृथ्वीचे परिवलन

बेसिनमधून जाणारे पाणी उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने फिरते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. रोजच्या बेसिनपुरते ते खरे नाही. पृथ्वी दिवसाला एकच फेरी घेते; एवढ्याशा भांड्यात तिचा परिणाम इतका क्षीण असतो, की नळाची तिरकी धार किंवा बूच काढताना बसलेला हिसकाही त्यावर मात करतो.

मात्र ही समजूत निव्वळ थाप नव्हे. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ॲशर शपिरो यांनी ६ फूट व्यासाच्या उथळ टाकीत पाणी मुद्दाम काट्यांच्या दिशेने फिरवत भरले, ते झाकून सुमारे २४ तास स्थिर होऊ दिले आणि मध्यावरच्या बारीक छिद्रातून सावकाश सोडले. तरंगत्या लाकडी काड्यांची फुली पहिली १२ मिनिटे हलल्याचे जाणवलेही नाही. मग ती काट्यांच्या उलट फिरू लागली. १९६५ मध्ये सिडनीतील अशाच प्रयोगात दिशा नेमकी विरुद्ध आली. शपिरो यांनी पाणी तास-दोन तासच स्थिरावू दिले, तेव्हा मात्र भोवरा भरतानाच्याच दिशेने फिरला.