सीटीच्या सीडीत फोटो नसतात, आकडे असतात

मामाच्या किडनीत खडा निघाला तेव्हा भावाने सीटीच्या फिल्मचे मोबाईलवर फोटो काढले आणि फॅमिली ग्रुपवर टाकले, मी त्याला म्हटलं फोटो राहू दे, पाकिटात सीडी असेल ती आण. त्याला वाटलं सीडीत पण हेच फोटो असणार. बऱ्याच जणांना तसंच वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सीडी उघडली की विचित्र नावांच्या शेकडो फाइली दिसतात आणि डबल क्लिक करून काहीच उघडत नाही. त्या डायकॉम फाइली, म्हणजे दवाखान्यातले स्कॅन साठवायचा ठरलेला प्रकार. सीटी मशीन शरीराचे आडवे काप घेतं, एकेक काप म्हणजे स्लाइस, आणि एका स्लाइसमध्ये बहुधा ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात. अशा ३०० स्लाइस एकावर एक रचल्या की साडेसात कोटींच्या वर ठिपके झाले. सपाट चित्रात ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, इथे त्याला जाडी पण आहे म्हणून व्हॉक्सेल.

आता प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये एक आकडा असतो, तिथल्या भागाने एक्स-रे किती अडवला त्याचा. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, घट्ट हाड हजाराच्याही पुढे. ह्या मापाला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा ईएमआय कंपनीतला इंजिनियर, त्याच्या मशीनवर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ साली त्याला ॲलन कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. आकडे हजारो, पण साध्या स्क्रीनवर करड्या रंगाच्या छटा फक्त २५६, त्यामुळे सॉफ्टवेअर आकड्यांचा एक पट्टा निवडून तेवढाच दाखवतं, त्याला विंडो म्हणतात. पोटासाठी नेहमीची विंडो म्हणजे मध्य ४० आणि रुंदी ४००, म्हणजे उणे १६०च्या खालचं सगळं काळं आणि २४०च्या वरचं सगळं पांढरंफेक. मग ४००चा खडा काय आणि १२००चा काय, फोटोत दोन्ही सारखेच पांढरे! पण युरिक ॲसिडचा खडा बऱ्याचदा ५००च्या खाली असतो आणि तो औषधाने विरघळू शकतो, कॅल्शियमचा साधारणपणे त्याच्या वर जातो आणि विरघळत नाही. नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही, डॉक्टर लघवीची तपासणी वगैरेही बघतात, पण ग्रुपवरच्या फोटोत तो आकडाच उरलेला नसतो, एवढं नक्की.

बघायला मी थ्रीडी स्लायसर वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, १९९८च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी आणि बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या लोकांनी सुरू केलं. रिसर्चसाठी आहे, निदान डॉक्टरांनीच करायचं. फोल्डर त्यात ओढून टाकला की तीन चौकटी दिसतात: लाल, पिवळी, हिरवी. अळूवडीचा उंडा आठवा, आडवा कापला तर गोल गोल वेटोळं दिसतं, तोच उभा चिरला तर थरांच्या रेघा, उंडा एकच. तसंच हे, लाल चौकटीत ॲक्सियल म्हणजे आडवा काप, हिरवीत कोरोनल म्हणजे समोरून, पिवळीत सॅजिटल म्हणजे बाजूने.

पण वड्या जाड कापल्या असतील तर उंडा परत नीट जुळत नाही. स्लाइस ५ मिलिमीटरची असेल तर ३ मिलिमीटरचा खडा आजूबाजूच्या मांसात मिसळून सरासरी निघते आणि तो फिका दिसतो, कधी कधी दिसतच नाही. एकाच स्कॅनच्या सीडीत पुष्कळदा जाड आणि पातळ दोन्ही सिरीज असतात, थ्रीडीसाठी पातळच उघडायची.

खडा वेगळा काढणं म्हणजे सेगमेंटेशन. सगळ्यात सोपी पद्धत थ्रेशोल्ड: ३००च्या वरचं सगळं दाखव. पण तसं केलं की खड्याबरोबर मणका, बरगड्या, कंबरेचं हाड सगळंच येतं, मग आयलंड नावाच्या सोयीने फक्त खड्याचा तुकडा ठेवायचा. त्यावर मार्चिंग क्यूब्ज नावाचा १९८७चा अल्गोरिदम त्रिकोणांचं कवच चढवतो आणि ते एसटीएल म्हणजे थ्रीडी प्रिंटरला चालणारी फाइल म्हणून सेव्ह केलं की थ्रीडी प्रिंटही निघते. स्मूदिंग मात्र बेताने, नाहीतर खड्याची टोकं गुळगुळीत होतात आणि आकार खोटा वाटतो. मी मोजमाप नेहमी स्लाइसवरच करतो, थ्रीडी फक्त बघायला.

हे सगळं दाखवल्यावर भाऊ म्हणाला अख्खा फोल्डरच ग्रुपवर टाकू या. मी थांबवलं, कारण प्रत्येक डायकॉम फाइलच्या सुरुवातीला पेशंटचं नाव, जन्मतारीख, आयडी नंबर असं सगळं लिहिलेलं असतं आणि ते स्क्रीनवर दरवेळी दिसतंच असं नाही. आधी ते पुसून टाकलं, मग फाइल पाठवली, आणि तीसुद्धा फक्त मामाला.