द्विफट प्रयोग आणि कणांचे मार्ग

द्विफट प्रयोग : शेजारच्या दोन अरुंद फटींतून प्रकाश, इलेक्ट्रॉन किंवा रेणू पाठवून पलीकडच्या पडद्यावर उमटणारे व्यतिकरणाचे (तरंग एकमेकांत मिसळून कुठे वाढतात, कुठे एकमेकांना खोडतात, त्याचे) पट्टे तपासण्याचा प्रयोग. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग यांनी अशा व्यतिकरणातून प्रकाशाचे तरंगरूप दाखवले.

सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर, ०.२५ मिमी अंतरावरच्या दोन फटी आणि २ मीटरवरची भिंत एवढ्यावर हा प्रयोग होतो. पट्टे ५.२ मिमी अंतराने पडतात, फूटपट्टीने मोजता येतात. मात्र ‘एकटा फोटॉन (प्रकाशाचा कण) स्वतःशीच व्यतिकरण करतो’ हे तोंडी परीक्षेतले ठरलेले उत्तर या भिंतीवरून सिद्ध होत नाही. १ मिलिवॉटच्या लेसरमध्ये त्या २ मीटरच्या वाटेवर कोणत्याही क्षणी सुमारे २ कोटी फोटॉन असतात. आयर्विन पुलाच्या खांबांमागे कृष्णेच्या लाटा एकमेकींत मिसळतात, तेच गणित इथे पुरते.

खरे कोडे कण एकेक करून सोडले की सुरू होते. अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने १९८९ मध्ये जपानमध्ये ते इलेक्ट्रॉनांवर दाखवले (तिथे फटींऐवजी इलेक्ट्रॉन-द्विप्रिझम, म्हणजे इलेक्ट्रॉनांना दोन वाटा देऊन त्या पुन्हा एकत्र आणणारी विद्युतभारित तार, होती). प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका उमटतो, तोही वाटेल तिथे. हजारो ठिपके साठल्यावर पट्टे दिसू लागतात. व्हिएन्नात १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूंनीही जाळीतून जाताना व्यतिकरण दाखवले.

मग कण गेला कुठल्या फटीतून? ते कळण्याची सोय केली की पट्टे फिकटतात. पुरते कळले तर नाहीसे होतात. ‘दोन्हींतून गेला’ हे पाठ्यपुस्तकी विधान सैल आहे. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) बेरीज करते ती दोन्ही वाटांच्या आयामांची (प्रत्येक वाटेला जोडलेल्या तरंगासारख्या राशींची), आणि त्या बेरजेच्या वर्गावरून संभाव्यता काढते. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत कण एकाच फटीतून जातो, तरंग दोन्हींतून. पट्ट्यांचे भाकीत तेच येते. टोरोंटोत २०११ मध्ये दुर्बल मापनाने (कणाला जेमतेम धक्का लावणाऱ्या मापनाने) रेखाटलेल्या फोटॉनांच्या वाटा बोम यांच्या वाटांसारख्या निघाल्या. पण त्या सरासरीच्या वाटा होत. एकट्या फोटॉनचा माग त्यातून लागत नाही.

आणि मुळात दोन वाटांची ही बेरीजही काटेकोर नाही. एका फटीतून जाऊन दुसरीतून वळणाऱ्या वाटांचाही त्यात अल्प हिस्सा असतो. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील गटाने २०१४ मध्ये त्याचे गणित मांडले.